एका अंगाने धावते, दुसऱ्या अंगाने अडते: शिडाच्या होडीचे दोन टॅक सारखे का नसतात

म्हादई म्हटलं की बेळगाव-खानापूरकडे आधी नदीचं पाणी वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प आठवतो, मग लवाद, मग दोन राज्यांचं भांडण. याच नावाची एक होडीही आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी ही नदी गोव्यात मांडवी होते. त्या मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी शिडाच्या होडीला नौदलाने ‘आयएनएसव्ही म्हादई’ हे नाव दिलं. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी वाटेत कुठेही न थांबता ती पुरी केली. याच घडणीची ‘तारिणी’ घेऊन लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये जगाला वळसा घालून परतल्या.

या बातम्यांमुळे घाटावरच्या माणसालाही शिडाच्या होडीचं कुतूहल वाटू लागलंय. ते वाटलं की थोड्याच दिवसांत एक तक्रार कानावर येते. वारा तोच, माणसं तीच, होडी तीच. पण वारा एका अंगावर घेतला की ती सुसाट जाते आणि दुसऱ्या अंगावर घेतला की रेटावी लागते. मधोमध चिरली तर दोन्ही अर्धे सारखे निघावेत अशी ही वस्तू. मग तिने असा दुजाभाव का करावा?

टॅक म्हणजे काय

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. आजची चांगली होडी वाऱ्याच्या दिशेशी ४० ते ४५ अंशांचा कोन ठेवून पुढे सरकते. त्याहून जवळ नेली तर शीड फडफडतं आणि होडी थांबते. म्हणून वारा जिकडून येतो तिकडेच जायचं असेल तर चोर्ला घाट चढतो तसं जावं लागतं: थोडं डावीकडे तिरकं, मग वळण, मग उजवीकडे तिरकं. यातली प्रत्येक तिरकी धाव म्हणजे एक टॅक. वारा उजव्या अंगावर असेल तर उजवा टॅक, डाव्या अंगावर असेल तर डावा. होडी कलते मात्र उलट बाजूला. उजव्या टॅकवर ती डावीकडे कलते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोन ४५ अंशांचा धरला तर १० सागरी मैलांवरच्या ठिकाणी पोचायला १४.१ मैल कापावे लागतात. दोन्ही टॅक सारखे असतील आणि वारा बरोबर त्या ठिकाणाकडूनच येत असेल तर दोन्हींच्या वाट्याला सात-सात मैल येतात.

आणखी दोन गोष्टी समजल्या की पुढचं सोपं आहे. शिडावर येणारा जोर बहुतेक बाजूला आणि थोडाच पुढे असतो. बाजूचा जोर तळाखालचं कील नावाचं जड, उभं पातं अडवतं आणि पुढचा तेवढा कामी येतो. तरी होडी तीन ते पाच अंश वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला, घसरतेच. दुसरी गोष्ट भासमान वाऱ्याची. मोटारसायकलवर बसलं की वारा समोरून आणि जास्त जोराने लागतो, तेच पाण्यावर घडतं. वारा १० नॉट, कोन ४५ अंश आणि होडीचा वेग ६ नॉट असेल, तर शिडाला लागणारा वारा सुमारे १५ नॉटचा असतो आणि तो फक्त २८ अंशांवरून येतो. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. शीड बांधायचं, ताणायचं ते या २८ अंशांच्या वाऱ्यासाठी. त्यामुळे दोन-तीन अंशांची चूकही इथे मोठी ठरते.

दोष होडीसोबत फिरतो की दिशेसोबत?

फरक दिसला की बहुतेकजण पहिला संशय कीलवर घेतात. ती वाकडी बसवली असणार, बांधणाऱ्याने फसवलं असणार. हा संशय सहसा चुकीचा ठरतो आणि महागही पडतो, कारण त्यासाठी होडी पाण्याबाहेर काढावी लागते. त्याआधी एक फुकट चाचणी करता येते.

कोकणच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून खारा. वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे एकाच दिवशी, त्याच होडीवर, जवळजवळ उलट दिशांचे दोन वारे मिळतात. दोन्ही वेळा उजवा टॅकच मंद असेल तर कारण होडीत आहे किंवा तिच्या काट्यांत, म्हणजे वारा आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रांत. सकाळी डावा आणि दुपारी उजवा मंद असेल तर होडीला दोष देऊ नका, कारण पाण्यात आहे. याला एकच अपवाद आहे, तो वाऱ्याच्या थरांचा. तो पुढे येईल.

पाणी: लाटा एकीकडून, वारा दुसरीकडून

लाटा वाऱ्याच्याच दिशेने येतात असं किनाऱ्यावरून वाटतं. खोल समुद्रात लांब अंतरावरून आलेली फुगवट लाट, म्हणजे स्वेल, आपल्याकडे बरेचदा नैऋत्येकडून येते. स्थानिक वारा कुठूनही असो, ती आपल्या वाटेने चालत राहते.

आता दुपारचा वायव्य वारा घ्या. उजव्या टॅकवर होडीचं तोंड पश्चिमेला, डाव्या टॅकवर उत्तरेला. नैऋत्येची लाट उजव्या टॅकवर डावीकडून, नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) ४५ अंशांवर आदळते. होडी वर उचलली जाते, खाली आपटते आणि दर आपटीला वेग सांडतो. डाव्या टॅकवर तीच लाट मागून येते आणि होडीला हलका रेटा देते. एवढ्याने अर्ध्या नॉटचा फरक सहज पडतो. हीच होडी पहाटे पूर्वेच्या मतलईत नेली तर उजव्या टॅकवर तोंड ईशान्येला असतं, लाट सरळ पाठीमागून येते आणि तोच ‘मंद’ टॅक झकास चालतो.

उपायही दोन्ही टॅकना वेगळा आहे. लाटांवर आपटणाऱ्या टॅकवर कोनाचा लोभ सोडून होडी वाऱ्यापासून तीन-चार अंश दूर ठेवावी, शिडाला पोट जास्त द्यावं आणि मागची कड थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दर आपटीनंतर वेग पुन्हा धरता येतो. सपाट टॅकवर शीड चपटं करून होडी वाऱ्याच्या जवळ न्यावी.

प्रवाहाचं प्रकरण वेगळं आहे. वारा वायव्येचा आणि होडीचा पाण्यातला वेग दोन्ही टॅकवर बरोबर ६ नॉट, असं धरा. प्रवाह दक्षिणेकडे १ नॉट. पश्चिमेला जाणाऱ्या उजव्या टॅकवर जीपीएस ६.१ नॉट दाखवेल, उत्तरेला जाणाऱ्या डाव्या टॅकवर ५. म्हणजे एक नॉटहून जास्त फरक, आणि होडीत दोष शून्य. आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात साधारणपणे दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटी तो दिवसातून चारदा बदलते. ‘जीपीएस खोटं बोलत नाही’ हे खरंच आहे. पण ते जमिनीवरचा वेग सांगतं, आपला प्रश्न पाण्यातल्या वेगाचा आहे.

इथे एक जुना समज येतो. प्रवाह वाऱ्याखालच्या बाजूने कीलला लागला की होडीला वाऱ्यावर ढकलतो, म्हणून प्रवाह त्या बाजूला घ्यावा, असं कित्येक मुरलेले लोकही सांगतात. एकसारखा प्रवाह असं काही करत नाही. तो होडीभोवतालचं सगळं पाणी होडीसकट वाहून नेतो, त्यामुळे कीलला तो वेगळा जाणवूच शकत नाही. प्रवाहामुळे होडीला लागणाऱ्या वाऱ्याची दिशा थोडी सरकते खरी, पण ती दोन्ही टॅकना सारखीच. एका ठिकाणी प्रवाह जास्त आणि पलीकडे कमी असेल तर कुठल्या बाजूने जायचं याला अर्थ आहे. तो वाट निवडायचा प्रश्न झाला, कीलवर दाब येण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

वाऱ्याचे थर

आता तो अपवाद. डोलकाठीच्या टोकाला आणि डेकवर वारा एकाच दिशेने येतो असं आपण गृहीत धरतो. तसं नसतं. पाण्याशी घासून खालचा वारा मंदावतो. मंदावलेल्या वाऱ्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम कमी होतो, म्हणून तो कमी दाबाकडे जरा जास्त वळतो. उत्तर गोलार्धात याचा परिणाम असा की जसजसं वर जावं तसतशी वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकते. दक्षिण गोलार्धात उलट.

उजव्या टॅकवर याचा अर्थ असा की वरचा वारा खालच्यापेक्षा जास्त आडवा येतो. डाव्या टॅकवर तो जास्त समोरून येतो. वर-खाली पाचच अंशांचा फरक धरून मघाचे आकडे पुन्हा मांडले, तर डोलकाठीच्या टोकाचा भासमान वारा उजव्या टॅकवर सुमारे ३२ अंशांवर आणि डाव्या टॅकवर सुमारे २५ अंशांवर निघतो. सात अंशांचा फरक झाला, आणि होडी तर पूर्ण निर्दोष आहे.

शिडाच्या भाषेत हा प्रश्न पिळाचा आहे. शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उघडा असतो, त्याला पीळ म्हणतात. वर वारा जोरात असल्याने थोडा पीळ दोन्ही टॅकवर लागतोच. उत्तर गोलार्धात उजव्या टॅकवर तो जास्त द्यावा लागतो, डाव्यावर कमी. दोन्हीकडे एकाच खुणेला दोरी बांधली तर एका टॅकवर शिडाचा माथा कोंडतो किंवा दुसऱ्यावर सांडतो. शिडाच्या मागच्या कडेला लावलेले लोकरीचे धागे हे लगेच सांगतात. वरचा धागा शिडामागे लपत असेल तर माथा कोंडलाय, दोरी जरा सैल करा.

पण यात घाई नको. हा नियम सांगणारी बहुतेक पुस्तकं ४०-५० अंश अक्षांशावरच्या लोकांनी लिहिली आहेत. बेळगाव १६ अंशांच्या जरा खाली, कारवार १५ अंशांच्या जरा खाली. इथे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम त्यांच्या निम्म्याहूनही कमी आणि स्थानिक वाऱ्यांचा जोर जास्त. खारा वारा नुकताच सुरू होतो तेव्हा त्याचा थर पातळ असतो आणि वर वेगळाच वारा वाहत असू शकतो, त्या वेळी नियम उलटाही पडतो. दुपारी वारा चांगला लागला की वर-खाली हवा घुसळते आणि हा फरक विरतो. हीच त्याची ओळख. मंद वाऱ्यात दिसणारा आणि जोराच्या वाऱ्यात नाहीसा होणारा फरक थरांचा समजावा. वारा वाढेल तसा वाढणारा फरक डोलकाठीचा.

पृथ्वीचं फिरणं होडीलाच एका बाजूला ओढत असेल का, असाही प्रश्न येतो. हिशेब करता येतो. १५ अंश अक्षांशावर ६ नॉटने जाणाऱ्या होडीवर हा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या ऐंशी हजाराव्या भागाच्या आसपास येतो. तो विसरून जा.

काटे आणि आकडे

डोलकाठीच्या टोकावरचा दिशादर्शक काटा तीन अंश वाकडा बसला असेल तर २८ अंशांच्या वाऱ्याला तो एका टॅकवर ३१ दाखवेल आणि दुसऱ्यावर २५. वर थरांचं गणित केलं त्याच्याशी हे आकडे ताडून पाहा, जवळजवळ तेच आहेत. म्हणून नुसत्या काट्याकडे पाहून निदान करता येत नाही. ओळख अशी की वाकडा काटा मंद वाऱ्यात, जोराच्या वाऱ्यात, सकाळी, दुपारी, नेहमी तेवढाच चुकतो. पावसाळ्यात डोलकाठी उतरवून पुन्हा उभी केली असेल तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. काट्यावर पक्षी बसूनही हे होतं, हसू नका.

वेगाचं यंत्र म्हणजे तळाला असलेलं छोटं चक्र. ते बरोबर मध्यरेषेवर क्वचितच बसवलेलं असतं. होडी कलली की एका टॅकवर ते खोल, स्वच्छ पाण्यात जातं आणि दुसऱ्यावर पृष्ठभागाजवळच्या गढुळलेल्या प्रवाहात. होडीचा वेग तोच राहतो, आकडा मात्र बदलतो. होकायंत्राचं म्हणाल तर त्याच्याजवळ चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल ठेवू नका, एवढं पुरे.

डोलकाठी: बहुतेक रोग इथेच

होडीतच दोष आहे असं ठरलं तर टेप घेऊन डोलकाठीपासून सुरुवात करावी. ती सरळ दिसते, पण डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, कारण होडी स्वतःच एका बाजूला झुकलेली असू शकते.

मोठं शीड वर चढवायची दोरी घ्या. तिच्या टोकाला पोलादी टेप बांधून ती पूर्ण वर न्या आणि दोरी पक्की अडकवा. आता टेप खाली ताणून उजव्या बाजूच्या तारा जिथे डेकला जोडल्या आहेत तिथपर्यंतचं अंतर मोजा, मग तेवढ्याच ताणाने डाव्या बाजूचं. वारा असेल तर टेप पोट धरतो, म्हणून हे काम सकाळच्या शांत वेळी करावं. डोलकाठी १५ मीटर आणि दोन्ही बाजूंच्या तारांच्या जागांमध्ये ३ मीटर अंतर असेल, तर टेपवरचा १ सेंटिमीटर फरक म्हणजे काठीचं टोक जवळजवळ ५ सेंटिमीटर बाजूला आहे. टेपवर ५ मिलिमीटरच्या आत आणा, त्याखाली डोकं खाजवू नका.

दुरुस्ती टर्नबकलने, म्हणजे तार आवळायच्या-सैल करायच्या पेचाने, होते. ज्या बाजूचं अंतर जास्त निघालं त्या बाजूची वरपर्यंत जाणारी तार अर्धा फेरा आवळा आणि दुसरीकडची अर्धा फेरा सैल करा. फेरे मोजून वहीत लिहा. एकाच बाजूला आवळत गेलं तर काठी सरळ होते, पण सगळ्या तारांचा ताण वाढतो आणि डेकवर भार येतो. दोन्ही बाजूंचा ताण ताणमापीने सारखा आला की मग काठीच्या मध्याला धरणाऱ्या खालच्या तारा लावाव्यात. शेवटी टर्नबकलला पिन घालून टेप गुंडाळायला विसरू नये. पिन नसलेला टर्नबकल समुद्रात हळूहळू उलगडत जातो.

धक्क्यावर सरळ आलेली काठी पाण्यात सरळ राहील याची खात्री नसते. १०-१२ नॉट वाऱ्यात एका टॅकवर जा, काठीच्या पायथ्याशी डोकं टेकवून शिडाच्या खाचेतून वर पाहा. खाच एका रेषेत दिसली पाहिजे. टोक वाऱ्याखाली पडलेलं दिसलं तर त्या टॅकच्या वाऱ्याकडच्या अंगाची वरची तार सैल आहे. मधला भाग वाऱ्याखाली फुगला असेल तर खालची तार सैल आहे. आता दुसरा टॅक घ्या आणि तेच पाहा. दोन्हीकडे सारखीच वाकत असेल तर तो वेगळा विषय. एकाच टॅकवर वाकत असेल तर रोग सापडला.

एवढ्याशा कलाने इतका फरक का पडावा? टोक वाऱ्याखाली पडलं की पुढच्या शिडाची तार सैल होते आणि शिडाची पुढची कड झोळीसारखी लोंबते. मग पोट वाढतं, वाऱ्याच्या जवळ जाता येत नाही, कोन तीन-चार अंश खुलतो. सुकाण्या होडी वाऱ्याकडे रेटायला पाहतो आणि वेगही घालवतो. एका तारेच्या दोन फेऱ्यांचं हे सगळं.

दोऱ्या, वजन आणि तळ

पुढच्या शिडाची दोरी, जिला शीट म्हणतात, डेकवरच्या कप्पीतून मागे येते. ही कप्पी दोन्हीकडे एकाच अंतरावर पाहिजे. रुळावरच्या भोकांचे नंबर जुळले म्हणून समाधान मानू नका, रूळच एक भोक पुढे-मागे बसवलेला असतो. पुढच्या तारेच्या पायापासून दोन्ही कप्प्यांपर्यंत टेपने मोजा. कप्पी पुढे सरकली की शिडाची मागची कड आवळते, मागे सरकली की माथा उघडतो.

शिडातही दुजाभाव असतो. गुंडाळून ठेवायच्या शिडाच्या कडेला उन्हापासून बचावाची जाड पट्टी एकाच अंगाला शिवलेली असते. अर्धवट गुंडाळून वापरलं तर वळकटीही एकाच बाजूला येते. मुलांना शिकवायला वापरतात त्या २.३ मीटरच्या ऑप्टिमिस्ट होडीत शिडाची तिरकी काठी डोलकाठीच्या एका बाजूला असते, म्हणून एका टॅकवर ती शिडात घुसून सुरकुती पाडते. तो दोष नाही, तिची रचनाच तशी आहे.

वजनाचा हिशेब सोपा. २०० लिटर पाण्याची टाकी मध्यरेषेपासून १.२ मीटर बाजूला असेल तर पाच टनांची होडी सुमारे तीन अंश झुकू शकते. बॅटऱ्या, नांगराची साखळी, स्वयंपाकाचा गॅस ही मंडळी बरेचदा एकाच बाजूला गोळा होतात. तपासायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरते. ती होडीवर आडवी धरून दोन्ही टोकांचं पाणी डेकच्या कडेपासून किती उंचीवर आहे ते पाहा. सगळे लोक तेव्हा धक्क्यावर उतरलेले हवेत.

तळाचं लवकर आटोपतो. होडी महिनोन्महिने एकाच तोंडाने बांधलेली असेल तर उन्हाकडच्या बाजूला शेवाळ जास्त धरतं. उजव्या टॅकवर होडी डावीकडे कलते, म्हणजे डावी कूस पाण्यात जाते. डाव्या कुशीला शेवाळ असेल तर उजवा टॅक मंदावेल. तळ खरवडा, मग बोला. कील तपासायचीच असेल तर जाड पुठ्ठ्याचा साचा एका बाजूच्या वक्राला बसेल असा कापून दुसऱ्या बाजूला लावून पाहा. लहान होडीत सेंटरबोर्ड, म्हणजे कीलच्या जागी असलेलं वर-खाली होणारं पातं, आपल्या खाचेत खुळखुळत असेल तर ते आधी घट्ट करा.

माणूसही एक कारण आहे. दोरी ओढायची विंच दोन्ही बाजूंना घड्याळाच्या दिशेनेच फिरते, त्यामुळे एका बाजूला हात सोयीचा पडतो आणि दुसरीकडे अवघडलेला. अवघडलेल्या बाजूला शेवटचे दोन इंच ओढायचे राहतात. माणसं अदलाबदल करून पाहिलीत तर हे कळेल.

पण जुन्या होड्या तर बिनतक्रार चालत होत्या?

चालत होत्या, पण दोन्ही टॅकवर सारख्या चालत नव्हत्या. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्याला, पत्तेमारीला तिकोनी शीड असे आणि त्याची लांब आडवी काठी डोलकाठीच्या एका बाजूला टांगलेली असे. वारा ज्या बाजूने आला की शीड डोलकाठीवर दाबलं जातं तो टॅक वाईट. त्यावर शिडाच्या पोटात डोलकाठीची घडी पडते. म्हणून जाणता तांडेल वाऱ्याच्या तोंडावरून वळण्याऐवजी होडी पाठीवर वारा घेऊन फिरवत असे आणि ती आडवी काठी डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला नेत असे. खूप माणसं, खूप दोऱ्या आणि बरंच पाणी सांडून मिळालेला हा समतोल होता.

उलांडीची होडी तर उघडच एकांगी. तरंगणारा ओंडका एकाच बाजूला. एका टॅकवर तो वाऱ्याकडे असतो आणि त्याचं वजन होडी उलटू देत नाही, दुसऱ्या टॅकवर तो पाण्यात दाबला जाऊन ओढ निर्माण करतो. कोळ्यांना हे ठाऊक असतं आणि ते वाट त्याप्रमाणे आखतात. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाला चौकोनी शिडं आहेत. ती डोलकाठीच्या दोन्ही अंगांना सारखी असतात, पण वाऱ्याच्या जवळ जाण्यात ती मुळातच कच्ची.

वाराच सरकला असेल तर?

ही शंका रास्त आहे, आणि राकसकोप किंवा हिडकलसारख्या डोंगरांजवळच्या जलाशयावर तर सगळ्यात आधी घ्यावी. ठिकाणाच्या दिशेपासून वारा १० अंश उजवीकडे सरकला की १० मैलांच्या वाटेत एका टॅकच्या वाट्याला ८.२ मैल येतात आणि दुसऱ्याच्या ५.७. लांब टॅक ‘चांगला’ वाटतो, कारण होडीचं तोंड बराच वेळ ठिकाणाकडे असतं. होडीचा वेग दोन्हीकडे तोच. डोंगराच्या कुशीत वारा जागोजाग वळतो, तेव्हा एका काठाजवळ उजवा टॅक उचलला जातो, म्हणजे होडीचं तोंड ठिकाणाकडे वळतं, आणि दुसऱ्या काठाजवळ तोच दाबला जातो, म्हणजे तोंड ठिकाणापासून दूर पडतं. अशा ठिकाणी दोन टॅकची तुलना करायची तर पाण्याच्या मधल्याच पट्ट्यात राहून करावी.

चाचणी घ्यायची कशी

८ ते १२ नॉट स्थिर वारा, शक्य तितकं सपाट पाणी, भरती-ओहोटीच्या मधली थांबलेली वेळ. दोऱ्यांवर मार्करने खुणा करा, म्हणजे दोन्ही टॅकवर ताण सारखा राहील. दर टॅक चार मिनिटांचा ठेवा आणि वळल्यानंतरचा पहिला मिनिट सोडून द्या. उरलेल्या तीन मिनिटांत दर १५ सेकंदांनी पाण्यातला वेग, जीपीएसचा वेग आणि दिशा, होकायंत्र, वाऱ्याचा कोन, कल आणि सुकाणूच्या दांड्याचा कोन लिहा. दांड्याच्या कोनासाठी मध्याला एक चिकटपट्टी आणि दोन्हीकडे पाच-पाच अंशांच्या खुणा पुरतात.

क्रम उजवा, डावा, डावा, उजवा असा ठेवा. सारखे दोन टॅक लागोपाठ आले की मध्ये गोल फिरून त्याच टॅकवर यावं लागतं, ते करा. नुसता आलटून-पालटून क्रम ठेवला आणि वारा हळूहळू वाढत गेला, तर नंतरचा टॅक उगाच चांगला दिसतो; या क्रमात ती वाढ दोन्हींना सारखी वाटली जाते.

आकडे वाचताना वेगापेक्षा दांड्याकडे आधी पाहा. वेग सारखा, वाऱ्याचा कोन वेगळा आणि दांडा दोन्हीकडे सारखाच असेल तर वरचा काटा वाकडा आहे किंवा वाऱ्याचे थर आहेत. दांडा एका टॅकवर दोन अंश आणि दुसऱ्यावर सहा अंश ओढावा लागत असेल तर डोलकाठी, वजन किंवा कील, याच क्रमाने. पाण्यातला वेग सारखा आणि जीपीएस वेगळं असेल तर प्रवाह. पाण्यातला वेग वेगळा, पण थांबलेल्या पाण्यात जीपीएस सारखं असेल तर तळाचं चक्र.

सगळं तपासूनही थोडा फरक उरतोच: थरांचा, लाटांचा, शिवणीच्या पट्टीचा. तेव्हा मोठ्या शिडाच्या शीटवर दोन टॅकसाठी दोन रंगांच्या खुणा कराव्यात, उजव्याची लाल, डाव्याची निळी. मंद वाऱ्यात त्या दोन-तीन इंच लांब पडतील, दुपारी जवळ येतील. त्या पक्क्या शाईने करू नयेत, कारण मोसम बदलला की त्या पुन्हा लावाव्या लागतात.